आईचे मनगट

गेल्या फाल्गुनात, होळीला दोन दिवस असताना, आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या मागच्या ओट्यावर आई पडली. तुळशीला पाणी घालून वळताना तिचा तोल गेला, सवयीने तिने उजवा हात पुढे टेकवला आणि मनगट मोडले. आवाज झाला तो तांब्याचा. हाड मोडल्याचा आवाज कोणालाच आला नाही. मी धावत गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि हात काट्याच्या चमच्यासारखा वाकडा दिसत होता. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की उभ्या जागेवरून पडून मनगट मोडते तेव्हा पडण्यापेक्षा हाडाची चौकशी आधी करायला हवी. त्यांनी डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी, करायला पाठवले. पाठीच्या कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी केलेली तुलना, उणे २.९ आला. उणे १ पर्यंत हाड ठीक मानतात, उणे २.५ किंवा त्याखाली गेले की त्याला हाडे ठिसूळ होण्याचा आजार, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती आणि निदान तीन वर्षे ती ‘हाडांसाठी’ काही ना काही रोज घेत होती. मला सगळ्यांत जास्त बोचले ते हे.

त्या संध्याकाळी मी तिचा औषधांचा डबा जेवणाच्या टेबलावर रिकामा केला. तो स्टीलचा गोल डबा पूर्वी दिवाळीत शंकरपाळ्यांचा असे. त्यातून थायरॉईडची बाटली निघाली, कॅल्शियमच्या गोळ्यांची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटे निघाली, ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची सात पाकिटे, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, कांडवेलीच्या कॅप्सूल, मेथीच्या गोळ्या, आणि तळाशी गुळवेलीच्या रसाची अर्धी बाटली. प्रत्येक वस्तूला एक माणूस चिकटलेला होता. हळद शेजारच्या काकूंनी सुचवली होती, कांडवेल आत्याने पाठवली होती, गुळवेल करोनाच्या दिवसांत घरात आली होती आणि कोणी थांबवली नाही म्हणून राहिली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वस्तू त्या ढिगात निम्म्याहून कमी होत्या. आईने हे सगळे आम्हांला त्रास नको, आपण आपली काळजी घ्यावी, या भावनेने घेतले होते आणि म्हणूनच त्याबद्दल तिला बोलणे मला फार जड गेले.

मी विचारले, “आई, सकाळी काय काय घेतेस?” ती म्हणाली, “अगं, उठल्या उठल्या थायरॉईडची, तिच्याबरोबरच कॅल्शियमची, आणि मग चहा. एकदाच पाणी प्यायचे म्हणून सगळे एकत्र.” त्या एका वाक्यात दोन वर्षांचा उलगडा झाला. कॅल्शियम आतड्यात थायरॉईडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला धरून ठेवते आणि ते रक्तात पोहोचू देत नाही. म्हणून या दोन गोळ्यांत किमान चार तासांचे अंतर लागते. थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढतो तो टीएसएच आईच्या तपासणीत वर वर जात होता आणि त्यावर उपाय म्हणून तिच्या गोळीची ताकद दोनदा वाढवली गेली होती. ती गोळी कशाबरोबर घेता, हे विचारायचे मात्र राहून गेले होते. आम्ही कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर नेले. दोन महिन्यांनी तपासणी केली तर टीएसएच इतका खाली आला की थायरॉईडची मात्रा कमी करावी लागली. हे वेळेवर कळले याचे मला आजही समाधान आहे, कारण थायरॉक्सिन जास्त झाले तर तेच हाड झिजवते. म्हणजे हाडासाठी घेतलेल्या गोळीने थायरॉईडची गोळी अडवली, ती वाढवली गेली, आणि अंतर पाळले जाताच वाढलेली गोळी हाडावर उठली असती.

ड जीवनसत्त्वाच्या पाकिटांची गोष्ट याहून साधी आहे आणि मला वाटते ती घराघरांत घडत असणार. तीन वर्षांपूर्वी तिच्या रक्तात ड कमी निघाले होते, तेव्हा आठवड्याला एक याप्रमाणे आठ आठवडे घ्यायला सांगितले होते. ‘दर आठवड्याला एक’ एवढे तिच्या लक्षात राहिले, ‘आठ आठवडे’ हे चिठ्ठीवरच राहिले. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलमध्ये पाकीट मिळत होते. तपासले तेव्हा तिची पातळी मिलिलिटरला ११८ नॅनोग्रॅम होती. वीसच्या खाली कमतरता समजतात आणि शंभराच्या वर गेली की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. रक्तातले कॅल्शियमही वरच्या कडेला टेकले होते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही, त्यामुळे अति झाले तर रक्तात कॅल्शियम चढते, मळमळ होते, मूत्रपिंडाला इजा होते. ऑस्ट्रेलियात सव्वादोन हजार वृद्ध स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा ड चा डोस ज्यांना दिला, त्या स्त्रिया इतरांपेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. हे वाचल्यावर मी आईच्या सात पाकिटांकडे बराच वेळ पाहत राहिले. ज्याची उणीव भरून काढायला ते दिले होते, ती उणीव पहिल्या दोन महिन्यांतच भरली होती. पुढच्या अडीच वर्षांनी हाडाला काहीही दिले नाही.

आपण हाडाकडे भिंतीसारखे पाहतो, एकदा बांधली की उभी. प्रत्यक्षात ते आमच्या या जुन्या घरासारखे आहे, जिथे कुठे ना कुठे डागडुजी चालूच असते. काही पेशी जुने हाड कुरतडून काढतात, काही पेशी त्या खड्ड्यात नवे भरतात, आणि साधारण दहा वर्षांत सगळा सांगाडा नव्याने घडतो. तिशीपर्यंत भरणे काढण्यापेक्षा जास्त असते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, तशी काढणाऱ्यांवरची देखरेख सुटते आणि पहिल्या पाच-सात वर्षांत स्त्रीच्या हाडाचा वीस टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. आईची ती वर्षे मला आठवतात. आजीचे आजारपण, आमची लग्ने, पहाटे पाचला सुरू होणारा दिवस, आणि सगळ्यांना दूध वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल तेवढा स्वतःचा चहा. तिच्या हाडातला सगळ्यांत मोठा खर्च तेव्हा झाला आणि त्या काळात कोणी तिला एक पेला दूध समोर ठेवून दिले नाही. मीसुद्धा नाही.

याच सुमारास माझा स्वतःचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के. ५.७ ते ६.४ या टप्प्याला मधुमेहाचा उंबरठा म्हणतात. माझे वजन बावन्न किलो, सगळे मला सडपातळ म्हणतात, त्यामुळे मला तो रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा वाटला. पण टेप घेऊन पोट मोजले तर ८४ सेंटीमीटर भरले, आणि आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही मर्यादा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आयुष्यभर याच कोड्यामागे राहिले आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त, हे त्या एका छायाचित्राने सांगितले. देशभरातली मोजणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मधुमेह ११.४ टक्के प्रौढांत आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत आढळला होता.

आईचे हाड आणि माझी साखर हे दोन वेगळे आजार आहेत असे मला सुरुवातीला वाटत होते. दोन्ही रिपोर्ट एकाच टेबलावर ठेवून वाचताना हळूहळू कळले की ते एकाच दुर्लक्षाचे दोन परिणाम आहेत. जेवणानंतर रक्तात चढणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. आणि हाडाला घट्ट राहण्याची आज्ञाही स्नायूच्या ओढीतूनच मिळते. स्नायू घटले की साखर रेंगाळते आणि हाड विरळ होते. शिवाय रेंगाळलेली साखर हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाला चिकटते आणि त्याचा चिवटपणा घालवते. म्हणून टाईप-दोन मधुमेह असलेल्या माणसाचे हाड डेक्सामध्ये चांगले दिसूनही लवकर मोडू शकते. स्नायूला प्रथिने लागतात आणि काम लागते. यांपैकी एकही गोष्ट आईच्या डब्यात नव्हती.

मग आम्ही ताटाकडे वळलो. इंदूरच्या ताटाबद्दल बोलताना मला जपून बोलावे लागते, कारण माझे त्यावर प्रेम आहे. सकाळी वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव, बडीशेप, जीरावन मसाल्याची चिमूट, आणि शेजारी गरम जिलबी. थंडीत सराफा बाजारात तळलेला गराडूचा कंद. रविवारी तुपात बुडवलेले कणकेचे बाफले. पाहुणा आला की हे सगळे त्याला खाऊ घातल्याशिवाय आम्ही सोडत नाही. पण आमच्या घरी हे सणाचे खाणे राहिले नव्हते. पोहे-जिलबी आठवड्यात चारदा, आणि शेव तर प्रत्येक जेवणात, वरणावर, उसळीवर, दह्यात. वाफवलेल्या पोह्यांतले मऊ पिष्ट आणि जिलबीचा पाक ही जोडी रिकाम्या पोटी माझ्यासारख्या बाईच्या रक्तात किती वेगाने चढते, हे मी बोट टोचून मोजले: नाश्त्यानंतर एका तासाने १९०. तेच पोहे निम्मे घेतले, त्यात शेंगदाणे आणि मोडाचे मूग भरपूर घातले, आधी वाटीभर दही खाल्ले आणि जिलबी सोडली, तर १४२. शेवेबद्दल तेलापेक्षा मला मिठाने धक्का दिला. शरीर जादा सोडियम बाहेर टाकते तेव्हा त्याबरोबर कॅल्शियमही लघवीतून जाते. साधारण सहा ग्रॅम मिठामागे चाळीस मिलिग्रॅम. आकडा लहान वाटतो. पण आतड्यातून मुळात थोडेच कॅल्शियम आत येते, त्यामुळे रोजचे चाळीस म्हणजे जवळजवळ एका वाटी दह्यातून अंगी लागलेले सगळे वाहून गेले.

एका दुपारी आईला समोर बसवून मी तिच्या दिवसभराच्या कॅल्शियमची बेरीज केली. दोन चहांतले दूध मिळून दीडशेच्या आत. एक वाटी दही, सव्वाशे. पोळी, वरण, भाजी यांचे मिळून सव्वाशे. चारशेच्या आसपास गाडी थांबली, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तिच्या वयाला बाराशे हवेत. आईने लगेच पालकाचे नाव काढले. आपल्या सगळ्यांना तसेच शिकवलेले आहे. पण पालकात कॅल्शियमला बांधून ठेवणारे ऑक्झलेट इतके असते की त्यातले जेमतेम पाच टक्के कॅल्शियम अंगी लागते, दुधातले मात्र चौथाईहून जास्त. मेथीची भाजी, शेवग्याचा पाला यांवर भिस्त ठेवलेली बरी. मग वहीत नवे ताट लिहिले: रात्री पेलाभर दूध, दुपारी दह्याची दुसरी वाटी, पुण्याची मावशी पाठवते त्या नाचणीच्या पिठाची एक भाकरी, आणि दोन चमचे तिळाची चटणी. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशेच्या वर कॅल्शियम असते. तिळात हजाराहून जास्त असते, पण सालासकट तिळातही ऑक्झलेट असल्यामुळे ते सगळे पदरात पडत नाही, म्हणून मी तो आकडा निम्माच धरला. बेरीज हजाराजवळ गेली. उरलेल्या तुटीसाठी कॅल्शियमची एक लहान गोळी जेवणाबरोबर. दोन कंपन्यांच्या दोन मोठ्या गोळ्यांची गरजच उरली नाही. अमेरिकेत छत्तीस हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅल्शियम आणि ड च्या गोळ्या घेणाऱ्यांना मुतखडे सतरा टक्के जास्त झाले होते. अन्नातून जे मिळू शकते ते अन्नातूनच घ्यावे, हे माझे मत त्यामुळे पक्के झाले.

प्रथिनांचा विचार करताना मला मन दुखावणारी एक गोष्ट दिसली. इंदूरच्या चारी बाजूंनी पावसाळ्यात सोयाबीन उभे असते. १९८७ पासून सोयाबीनच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. त्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या जवळपास प्रथिने असतात. ज्या माळव्याबद्दल ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणतात, तिथे ज्वारी मागे पडून सोयाबीन आले, पण ते घाण्याला गेले, त्याची पेंड कोंबड्यांना गेली आणि आमच्या ताटात फक्त तेल आले. आता आम्ही दळणात दहाला एक या प्रमाणात सोयाबीन घालतो. ते कच्चे दळत नाही. भिजवून, उकळून, वाळवून मग गव्हात मिसळतो, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारे द्रव्य असते आणि ते उष्णतेने जाते. ज्वारीही परत आणली आहे. आईला भाकरी थापता येत नव्हती, हात प्लास्टरमध्ये होता. ती पाटावर बसून मला सांगे आणि मी थापे.

राहिला प्रश्न त्या नैसर्गिक म्हणवणाऱ्या बाटल्यांचा. माझा आयुर्वेदावर राग नाही. मी डिंक-मेथीचे लाडू खाऊन बाळंतपणातून उठलेली बाई आहे. पण मेथीचेच घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर झालेले काम खरे आहे आणि तिच्यातला चिकट तंतू साखरेचे शोषण मंद करतो हेही खरे आहे. मात्र १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रोज शंभर ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड दोन जेवणांत वाटून दिली होती, आणि आईच्या गोळीत अर्धा ग्रॅम होती. भिजवलेली मेथी चमचाभर खाण्यात काही वाईट नाही, तिचा तंतू मिळतो. अर्ध्या ग्रॅमच्या गोळीला साखर उतरवण्याचे श्रेय देता येत नाही. हळदीच्या बाबतीत उलट झाले आहे. हळदीतले मुख्य द्रव्य कर्क्युमिन, ते तिच्यात तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि तेही आतड्यातून फारसे आत जात नाही. म्हणून अर्क काढून, मिऱ्यातले पायपरीन घालून त्याचे शोषण अनेकपटींनी वाढवतात. भाजीतल्या हळदीने सहसा कोणाला त्रास होत नाही, पण अशा तीव्र अर्कांनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटलीत २०१९ च्या सुमारास लागोपाठ नोंदले गेले. गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेल्या मुंबईच्या सहा रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, तो वाद आहे. माझ्यापुरता मी निर्णय घेतला की शहात्तर वर्षांच्या बाईच्या यकृतावर तो वाद सोडवायचा नाही. कांडवेलीवरचे मानवी प्रयोग फार लहान आहेत. आईला कांडवेलीचा किती उपयोग झाला, याचा माझ्याकडे तिचे मोडलेले मनगट हाच पुरावा होता. आत्याला वाईट वाटू नये म्हणून मी स्वतः फोन करून हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तिच्याही गोळ्यांची यादी मला वाचून दाखवली.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हाड एकदा मोडले आणि स्कोअर एवढा खाली असला की ताट कितीही सुधारले तरी ते एकटे पुरत नाही. आईला वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन दिले. ते हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात त्याने तीन वर्षांत मणक्याचे अस्थिभंग सत्तर टक्क्यांनी आणि खुब्याचे एक्केचाळीस टक्क्यांनी कमी केले होते. आधी दात तपासून घेतले, मूत्रपिंडाची तपासणी केली. नैसर्गिक उपायांच्या प्रेमाखातर हे टाळणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या एका मावशींना खुबा मोडल्यावर पुन्हा अंगणात आलेले मी पाहिले नाही.

उन्हाचे सांगायचे राहिले. कर्कवृत्त आमच्या उत्तरेला उज्जैनजवळून जाते, म्हणजे इंदूरला बारा महिने पुरेसे ऊन आहे. तरी आई तीन वर्षे काचेच्या तावदानामागे बसून ‘ऊन घेत’ होती, आणि ज्या किरणांनी त्वचेत ड तयार होते ते काच जवळजवळ सगळे अडवते. आता ती थंडीत अकराच्या सुमारास अर्धा तास गच्चीवर हात-पाय उघडे ठेवून बसते; उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ, पदर डोक्यावर घेऊन. आणि जेवणानंतर आम्ही दोघी शतपावली करतो. साठीपुढच्या दहाच माणसांवर झालेल्या एका लहान प्रयोगात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर चांगली आवरली गेली होती, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरची. माझ्या आजोबांना हा प्रयोग माहीत असण्याचे कारण नव्हते, पण ते ओसरीवर पावले मोजत. माझा शेवटचा रिपोर्ट ५.८ आहे.

आईसाठी फिजिओथेरपीच्या मुलीने एक व्यायाम दिला आहे. पाठीच्या खुर्चीतून हात छातीशी धरून उठायचे आणि बसायचे, अर्ध्या मिनिटात किती वेळा होते ते मोजायचे. वैशाखात ती सहावर थांबली होती आणि दम लागून खुर्चीचा हात धरून बसली होती. परवा संक्रांतीच्या सकाळी तिने तिळगूळ वळले, मोडलेल्या हाताने. मनगट थोडे तिरके जुळले आहे, त्यामुळे तिचे लाडू आता एका बाजूला जरा चपटे होतात. हात धुऊन ती खुर्चीत बसली, छातीवर हात बांधले आणि मला घड्याळ लावायला सांगितले. मोठ्याने मोजत ती अकरापर्यंत गेली. मग म्हणाली, “वहीत लिही. आणि तारीख घाल, नुसता आकडा नको.”